सगळ्या गावाचा बैल बसला

दवाखाना उघडायच्या आधीच गुंडाप्पा पायरीवर येऊन बसला होता. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि चेहरा पार उतरलेला.

"डॉक्टर, बैल बसलाय," तो म्हणाला.

बैल बसला, हे माझ्या नोकरीत साधं वाक्य नाही. मी लगेच पिशवी उचलली. कधीपासून बसलाय, रवंथ करतो का, शेण कसं टाकतो, असं विचारत विचारत गाडीला किकही मारली. गुंडाप्पा जागचा हलला नाही. त्यानं टॉवेल उलगडला. आत मोबाइल होता.

"काल काढणीच्या टायमाला बसला बगा. चारा दावला, पाणी दावलं, शेपूट पिळलं. उठंना."

पडद्यावर पिवळ्या जोंधळ्याच्या रानात एक पांढरा बैल पाय दुमडून बसला होता आणि थेट माझ्याकडे बघत होता. मी गुंडाप्पाला जे बोललो ते सरकारी माणसानं बोलू नये. तो बिचारा मोबाइल पुन्हा टॉवेलात गुंडाळून निघून गेला. खरं सांगायचं तर मी चिडलो ते निराळ्याच कारणानं. माझाही बैल आदल्या दिवशीच बसला होता.

मी मूळचा परंड्याचा. माकणीजवळच्या या गावात माझी नेमणूक पशुधन पर्यवेक्षक म्हणून आहे. गाव मला डॉक्टर म्हणतं आणि मी ते दुरुस्त करत नाही. आता या बैलाबद्दल सांगतो. गावातल्या आण्णासाहेबांची लेक हर्षाली पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत होती. ती सोडून तिनं एका मैत्रिणीला सोबत घेऊन तीन वर्षं खपून एक गेम केला. नाव 'शिवार'. एक रान, एक विहीर, एक बैल. बैलाचं नाव पाखऱ्या. जोंधळा पेरायचा, पाखरं राखायची, हुरडा भाजायचा, शेवटी काढणी करून खळं करायचं. तिनं आमचं गाव जसंच्या तसं आत घातलं होतं. धरणाचं पाणी, बांधावरच्या बाभळी, मारुतीच्या देवळाची मोडकी पायरीसुद्धा. फरक एवढाच की त्यातली लाइट जात नाही.

हा गेम विकला गेला तर ती दुसरा करणार होती. नाही विकला तर पुन्हा नोकरी आणि तीन वर्षं पाण्यात. हे तिनं वडलांना स्पष्ट सांगितलं होतं, आणि आण्णासाहेबांनी ते मान डोलवत ऐकून घेतलं होतं. त्यांच्या डोक्यात हिशेब सरळ होता. लेकीचा गेम चालायला पाहिजे, म्हणजे तो सगळ्यांकडे पाहिजे.

तिनं "बघा कसा वाटतो" म्हणून त्यांना मोबाइलवर पाठवला तेव्हा पौष चालला होता आणि त्यांच्या रानात हुरडा ऐन भरात होता. आण्णासाहेबांच्या रानावरून कोणी हुरडा न खाता गेलं तर त्यांना रात्री जेवण जात नाही. रस्त्याकडेला बोर्ड लावून हुरडा विकणाऱ्यांना ते माणसात धरत नाहीत. तर हुरडा भाजायच्या आगटीशेजारी त्यांनी मोबाइल ठेवला. जो येईल त्याच्या पोटात हुरडा गेला आणि खिशातल्या मोबाइलमध्ये शिवार. वैजनाथ नावाचा एक भोळा माणूस खिशात हात घालून म्हणाला, "आण्णा, याचं काय द्यायचं?" आण्णासाहेबांनी हातातलं कणीस आगटीत टाकलं आणि पंधरा दिवस वैजनाथशी बोलले नाहीत. त्यानंतर कोणाची छाती झाली नाही.

गाव त्या गेमनं वेडं झालं. ज्यांचं खरं रान तणानं माजलं होतं ते मोबाइलमधलं रान खुरपत बसले. आणि मग, ज्याचा त्याचा जोंधळा काढणीला आला तसतसा ज्याचा त्याचा बैल बसत गेला. आठवडाभरात गावात एक पाखऱ्या उभा राहिला नाही.

सरपंच कृष्णराजनं पारावर बैठक बोलावली. कृष्णराज तरुण आहे, बी.ए. झालेला आहे, आणि कोणत्याही गोष्टीची सभा घेता येते असं त्याचं मत आहे. विषय होता जनावरांतली साथ. मला बळंच पुढं बसवलं.

"डॉक्टर, लस हाय का यावर?"

"मोबाइलला लस कुठं टोचू?" मी म्हणालो.

"तुमी शिकल्यात. तुमी सांगायचं."

कोणीतरी म्हणालं, साथ मुरूमच्या जनावरांच्या बाजारातून आली. कोणी म्हणालं, शेजारच्या गावचा एकजण हुरडा खायला आला होता, त्याच्या मोबाइलची काच फुटलेली होती. ठराव झाला. बैल बसलेले सगळे मोबाइल जुन्या बालवाडीच्या खोलीत वेगळे ठेवायचे, एकमेकांना लागू द्यायचे नाहीत. खोलीत कडबा पसरला. त्यावर हातहातभर अंतरानं मोबाइल मांडले. सकाळ-संध्याकाळ गावातली माणसं दारातून आपापल्या बैलाला बघून जाऊ लागली. चार्जिंगची सोय ग्रामपंचायतीनं केली. कोंडाबाईनं मीठमोहऱ्या घेऊन मोबाइलवरची दृष्ट काढली, ओवाळताना निखारा जवळ गेला आणि कव्हर वितळलं. तिचं म्हणणं, दृष्ट लई मोठी होती.

कृष्णराजनं मला हळूच बाजूला घेतलं. "बैलाच्या कानात बिल्ला हाय का बगता का? बिल्ला असंल तर विम्यात बसंल." आणि मी, बारा वर्षं नोकरी झालेला माणूस, दोन बोटांनी बैलाचा कान मोठा करून बघितला. बिल्ला नव्हता. तसं लिहूनही दिलं.

सगळ्यात हाल आण्णासाहेबांचे झाले. त्यांनी वाढलेलं अन्न लोकांना बाधलं, अशी त्यांची समजूत. ते घरोघर जाऊन बैलाची चौकशी करत होते. त्यांचा स्वतःचाही बसला होता, पण तसं ते बोलून दाखवत नव्हते.

मग कोणीतरी बातमी आणली की कडूबाईचा बैल चालतोय.

कडूबाई आण्णासाहेबांच्या बांधाची शेजारीण. मधल्या बांधावरून दोन्ही घरांत इतकी वर्षं वैर आहे की ते कशावरून लागलं यावरूनही आता भांडण होतं. ती त्यांच्या विहिरीचं पाणी पीत नाही, त्यांच्या घरातल्या लग्नाला येत नाही, आणि त्यांची म्हैस दिसली तरी तोंड फिरवते. गाव म्हणालं, झालं, हिनंच केलं काहीतरी. लोक दगड उचलायच्या बेतात होते म्हणून मीच म्हणालो, मी बघून येतो.

ती बांधावर आपल्या बाजूला बसली होती. नात आरोही शेजारी. मोबाइलमध्ये पाखऱ्या खळ्यावर गरागरा फिरत होता आणि कडूबाई मोबाइललाच "हाँऽ, हाँऽ, चल लेकरा" करत होती.

"मावशी, तुमचा कसा नाही बसला?"

"का बसावा? म्या इकत घेतलाय."

"विकत?"

"मंग? आण्णाच्या हातचं फुकट घीन व्हय? मरताना पाणी पाजाया आला तर तोंड मिटून मरीन." ती आरोहीकडे वळली. "ह्या पोरीला म्हणलं, जगाला जो भाव हाय त्या भावानं घी. एक पैसा कमी नको. उपकार नकोत त्यांचे."

नोकरीचं कारण सांगून मी माझा मोबाइल बालवाडीत ठेवला नव्हता, तिथूनच हर्षालीला फोन लावला. गावातले सगळे पाखऱ्या बसले म्हटल्यावर ती हसली. म्हणाली, "डॉक्टर, तो आजार नाही. ती कुलूपकिल्ली आहे. विकत न घेता कोणी गेम वापरला, की काढणीच्या वेळी बैल बसतो. चोरांसाठी ठेवलीय." मग तिनंच विचारलं, "पण सगळे कसे बसतील? आपल्या गावातून एक तर विकत घेतलाय. पहिला गेला तो तिथूनच. मी आणि मैत्रिणीनं पेढे खाल्ले त्या दिवशी."

"ती कडूबाई," मी म्हणालो.



"मला वाटलं आण्णांनी घेतला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती एस.टी.नं आली. आधी बालवाडीच्या दारात जाऊन उभी राहिली. आत कडब्यावर ओळीनं तिचे बैल बसलेले. मला वाटलं आता ही हसेल. तिचे डोळे भरले. एवढी माणसं आपला खेळ खेळत होती याचा आनंद, आणि त्यातल्या एकानंही तो विकत घेतला नाही याचं दुःख. दोन्ही एकदम आलं असावं. मला त्या मुलीची खरोखर दया आली, आणि माझ्या बसलेल्या बैलाची लाज वाटली.

पारावर तिनं सगळं फोड करून सांगितलं. कोणी रागावलं नाही. उलट लोकांना हायसं वाटलं, साथ नव्हती म्हणून. गुंडाप्पा म्हणाला, "एवढंच व्हय? चहा-भज्याला जातंय तेवढं. देऊ की." बरेच हात खिशाकडे गेले.

"खबरदार," आण्णासाहेब म्हणाले.

ते उठून उभे राहिले होते. "माझ्या आगटीवर बसून खाल्लेल्याचे पैसे देता? मला हाटेलवाला केलंत? हर्षाली, गावाकडनं पैसं घ्यायचं न्हाय. आपली माणसं हायती ती."

"आण्णा, आपली माणसं घेणार नाहीत तर कोण घेणार?"

"परकी घेतील. जग काय थोडं हाय?"

"परकी तरी का घेतील? त्यांनाही कोणीतरी आपलं माणूस फुकट देईलच."

आण्णासाहेब तडक घरी निघून गेले. सभा तशीच बसून राहिली. बैल तर उठवायचे होते. पैसे द्यायचीही तयारी होती. पण आण्णासाहेबांसारख्या माणसाला त्यांनी वाढलेल्याचे पैसे द्यायचे म्हणजे त्यांचा धडधडीत अपमान. अडचण खरी होती. तेव्हा कृष्णराजनं आपली बी.ए. वापरली.

"कडूबाईला कसं घेता आलं?" त्यानं विचारलं. "वैर हाय म्हणून. मंग ज्याला गेम इकत घ्यायचा त्यानं आदी आण्णाशी भांडून घ्यावं. भांडण झालं की माणूस परका. परक्यानं पैसं दिलं तर त्यात अपमान कसला?"

लोकांना हे इतकं पटलं की टाळ्या पडल्या. हर्षाली उठून "अहो, काहीतरीच काय" म्हणाली, पण तिचं कोणी ऐकलं नाही. कृष्णराजनं एकच अट घातली. भांडण खरं पाहिजे. खोटं भांडून गेम घेणं म्हणजे पुन्हा फुकटच घेतल्यासारखं.

सकाळी आपापले मोबाइल घेऊन आण्णासाहेबांच्या दारात रांग लागली. ते ओट्यावर बसले होते. त्यांना वाटलं माफी मागायला आलेत, म्हणून त्यांनी आत चहा टाकायला सांगितला.

पहिला गुंडाप्पा. "तुमच्या म्हशीनं माझं मक्याचं रान खाल्लं व्हतं," तो म्हणाला.

"त्याचं मी तुला दुप्पट कणसं दिली की."

"दुप्पट का दिली? मला भिकारी समजलात का? आजपासून तुमचा माझा संबंध न्हाय." असं म्हणून तो तिथंच दोन पावलं बाजूला झाला, हर्षालीसमोर मोबाइल धरला आणि गेम विकत घेतला. त्याचा बैल उठला. गुंडाप्पाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बैल उठला म्हणून की आण्णा तुटले म्हणून, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मग एकेक जण. कोणाला लग्नातलं वरण पातळ होतं. कोणाला तीस वर्षांपूर्वी रामराम केला तो ऐकू गेला नव्हता. वैजनाथचं काम सोपं होतं, त्याच्याशी ते आधीच पंधरा दिवस बोलले नव्हते. त्यानं तोच अबोला पुढं चालू ठेवला. कोंडाबाईला कितीही आठवून आण्णासाहेबांचा एक दोष सापडेना. ती रडकुंडीला आली. "आण्णा, तुमीच सांगा की कायतरी," ती म्हणाली. आणि तो माणूस इतका सरळ, की त्यानं विचार करून तिला एक दोष काढून दिलासुद्धा: "तुझ्या नवऱ्याला म्या एकदा येडा म्हणलो व्हतो बग, बाजारात." कोंडाबाई आनंदानं ओरडली, त्यांना दोन शिव्या घातल्या आणि बैल उठवून घरी गेली. चहा तसाच निवत राहिला. भांडण झालेल्याच्या घरचा चहा कोण पिणार? दोघा-तिघांनी तेवढ्यासाठी आधी चहा घेतला आणि मग भांडले.

माझा नंबर आला तेव्हा मी म्हणालो, "आण्णासाहेब, माझी म्हणाल तर तक्रार काही नाही."

"मंग बसा," ते म्हणाले. मी बसलो. मला काही त्यांच्याशी भांडता आलं नाही, म्हणून माझा बैलही बसलेलाच राहिला.

दुपारपर्यंत गावातून हाँऽ हाँऽ असा आवाज येऊ लागला. घरोघर खळी सुरू झाली होती. हर्षालीचा मोबाइल सारखा टिंग टिंग करत होता. मैत्रिणीचा फोन आला, ती आनंदानं किंचाळत होती. गावातल्या लोकांनी आपापल्या परगावच्या पाहुण्यांनाही दम भरून गेम घ्यायला लावला होता. दुसरा गेम होणार, एवढं नक्की झालं. आणि हर्षाली वडलांकडे बघत बसली होती. ओट्यासमोरून जाणारं प्रत्येक माणूस नियमाप्रमाणे मान फिरवून जात होतं.

"मला हे असं नको होतं," ती मला म्हणाली.

तिसऱ्या दिवशी कडूबाईच्या शेळीला पोटफुगी झाली म्हणून मी तिच्या रानात गेलो. पलीकडे आपल्या रानात आण्णासाहेब एकटेच बसले होते. शेळीला औषध पाजेपर्यंत कडूबाईनं तिचं तोंड धरून ठेवलं. मग ती माझ्याशी बोलू लागली, पण आवाज पलीकडे पोचेल असा.

"डॉक्टर, त्या माणसाला इचारा, तोंड का पाडून बसलाय."

मी पलीकडे बघितलं. "ते ऐकताहेत, मावशी."

"म्या त्येंच्याशी बोलत न्हाय. तुमी इचारा."

मी विचारलं. आण्णासाहेब म्हणाले, "तिला सांगा, गावाला खाऊ घातलं ते चुकलं म्हणून बसलोय."

"त्येनला म्हणावं, खाऊ घातलं ते चुकलं न्हाय. कुणाचं घातलं ते चुकलं." कडूबाईनं शेळीच्या पोटावरून हात फिरवला. "रानातला जोंधळा तुमचा. तुमी पेरला, तुमी राखला. वाटा की, वाटून भिकंला लागा, कोण इचारतंय? पर ही गेमची चीज लेकीच्या घरची. बाप लेकीच्या घरी जेवला तर उठताना तिच्या हातावर कायतरी ठिवतो. ठिवतो का न्हाय? तुमी तर लेकीच्या घरातलं उचलून साऱ्या गावाला वाढलं."

मी हे सगळं सांगायला लागलो, पण आण्णासाहेबांनी हात वर केला. "तिला म्हणावं, लेकीचं लगीन व्हायचंय. तिचं घर कुठं हाय अजून?"

"आन् तीन वर्सं ती ऱ्हायली कुठं?" कडूबाई म्हणाली. या वेळी ती माझ्याकडे बघत नव्हती. ती सरळ त्यांच्याकडे बघून बोलली होती, आणि ते तिच्या लक्षात आल्यावर तिनं तोंड फिरवलं.

आण्णासाहेब बराच वेळ ढेकूळ हातात घेऊन फोडत राहिले. मग उठले आणि मला म्हणाले, "चला. साक्षीला माणूस पाहिजे."

घरी हर्षाली बॅग भरत होती. दुपारची गाडी होती. आण्णासाहेब मागच्या दारानं गेले, हातपाय धुतले, ठेवणीतलं धोतर नेसले, कोरी टोपी घातली आणि पुन्हा बाहेर आले. मला सोबत घेऊन वळसा घालून ते स्वतःच्याच घराच्या पुढच्या दारात आले आणि कडी वाजवली. मला हसू येत होतं, पण त्यांच्या तोंडाकडे बघून ते आतच राहिलं.

हर्षालीनं दार उघडलं. "आण्णा? मागचं दार उघडंच होतं की. आणि हे काय, कुठं निघालात?"

"तुझ्याकडं आलोय," ते म्हणाले. "बसू का?"

ती गोंधळली. तिनं चटई टाकली. आयुष्यभर ज्या घरात ते मालक म्हणून वावरले तिथं ते पाहुण्यासारखे अंग चोरून बसले. त्यांनी पाणी मागितलं. तिनं तांब्या-भांडं आणून दिलं. ते पाणी प्यायले, भांडं खाली ठेवलं आणि मोबाइल तिच्यापुढं केला.

"तुझं घर लई चांगलं हाय," ते म्हणाले. "बाभळीबी घेतल्यास. म्या रोज येत व्हतो तिथं, न इचारता. माणसंबी आणली. तुला इचारायला पायजे व्हतं." मग त्यांनी खिशातून नोट काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

ती एकदम मागं सरकली. इतके दिवस जगाकडून दाम मागणारी ती मुलगी वडलांची नोट बघून रडायला लागली. "आण्णा, तुमच्याकडून कसे घेऊ मी? तुम्हाला तसाच देते. आत्ता देते. दोन मिनिटांचं काम आहे."

"तसा नको."

"पण का?"

"घे, हर्षा," आण्णासाहेब म्हणाले. "न्हाय घेतलंस तर मला तुझ्याकडं परत येता यायचं न्हाय."

तिनं मूठ मिटली.